आकाशाचा ताबा आणि दहा मीटरचा खड्डा

मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत भुसावळचंही नाव होतं. यादी मोबाइलवर फिरली आणि पारावर एकच प्रश्न सुरू झाला, ‘अठी कोन येईन भो बॉम टाकाले?’ प्रश्न थट्टेचा असला तरी त्याचं उत्तर सरळ आहे. रेल्वेचं मोठं जंक्शन, भुसावळ आणि वरणगावची आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र. शत्रूच्या नकाशावर खूण पडायला एवढं पुरेसं आहे. फक्त पहिल्या दिवशी विमानं घेऊन इथवर यायची घाई कोणी करणार नाही. पहिल्या दिवशी त्याला आधी आपली रडारं, धावपट्ट्या, इंधनाच्या टाक्या आणि तळावर उभी असलेली विमानं गाठायची असतात. ती शाबूत ठेवून देशाच्या पोटात तीनशे-चारशे किलोमीटर शिरायचं म्हणजे परतीचा रस्ता आपल्याच हाताने बंद करायचा.

शत्रूची ही साधनं आधी मोडून आकाश ताब्यात घेणं, याला हवाई वर्चस्व मिळवणं म्हणतात. आपली विमानं हवी तिथे, हवी तेव्हा उडाली पाहिजेत आणि समोरच्याची उडता कामा नयेत. सिनेमांमुळे आपल्या डोळ्यांपुढे लगेच दोन विमानांची हवेतली झुंज येते. गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा इतिहास मात्र सांगतो, की आकाशाचा निकाल बहुतेक वेळा जमिनीवर लागला. आणि माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पहिला घाव कोणी घातला यापेक्षा तो सोसायची तयारी कोणी आधीपासून करून ठेवली होती, यावर तो निकाल ठरला.

आधी रडारचं गणित पाहू. रडारच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, पृथ्वी मात्र गोल आहे. त्यामुळे काही अंतरापलीकडचं विमान क्षितिजाच्या खाली राहतं. ते अंतर काढायची सोपी रीत आहे. रडारच्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या आणि तिचं वर्गमूळ काढा. विमानाच्या उंचीचंही वर्गमूळ काढा. दोन्हींची बेरीज करून तिला ४.१२ ने गुणा, की किलोमीटरमध्ये उत्तर येतं. शुद्ध भूमितीने हा आकडा ३.५७ यायला हवा. पण वातावरण रेडिओ लहरींना जमिनीकडे थोडं वाकवतं, म्हणून रडारला डोळ्यापेक्षा जरा पुढचं दिसतं.

आता तापीच्या खोऱ्यात एक काल्पनिक रडार उभं करू. अँटेना जमिनीपासून २० मीटरवर. दहा हजार मीटर उंचीवरून येणारं विमान या रडारला भूमितीच्या हिशोबाने ४३० किलोमीटरवरून दिसू शकतं. तेच विमान ६० मीटरवरून, म्हणजे वीसमजली इमारतीच्या उंचीने आलं, तर ५० किलोमीटरवर येईपर्यंत दिसणारच नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाचं विमान मिनिटाला १५ किलोमीटर कापतं. पन्नास किलोमीटर म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. कॉकपिटजवळ तयार बसलेल्या वैमानिकालाही हवेत झेपावायला दोन ते पाच मिनिटं लागतात. म्हणजे भोंगा वाजतो आणि बॉम्ब पडतो, यात फार फरक उरत नाही.

खोऱ्याचा आकारही बघा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेला वाहणारी तापी. सुरत ते भुसावळ सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर भरतं. पॅसेंजर गाडी ज्या पट्ट्यातून नवापूर, नंदुरबार, अमळनेर करत निवांत येते, तिथून खाली चिकटून उडणारं विमान वीस मिनिटांत पोहोचेल आणि डोंगरांच्या पलीकडच्या रडारला पत्ताही लागणार नाही. जगातल्या लढाऊ वैमानिकांना अशा दऱ्या-खोऱ्यांतून उडायचं शिक्षण देतात ते याचसाठी.

मग रडार डोंगरावर न्यावं. तोरणमाळची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर. तिथे ते ठेवलं असं समजलं, तर साठ मीटरवरचं विमान सपाटीवर सुमारे १७० किलोमीटरवरून दिसू शकतं. तीन मिनिटांची अकरा मिनिटं झाली. पण डोंगरावर बसलं तरी मधल्या दुसऱ्या डोंगराची सावली पडतेच. म्हणून रडारच विमानात बसवतात. भारताकडे रशियन बनावटीच्या विमानावरची फाल्कन रडारं आहेत, तशी डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची ‘नेत्र’ विमानंही आहेत. नऊ हजार मीटरवरून खाली बघणाऱ्या अशा रडारचं क्षितिज खाली उडणाऱ्या विमानासाठी सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास जातं. लढाईच्या पहिल्या तासात अशी विमानं कुठे आहेत, यावर दोन्ही बाजूंचा डोळा असतो.

क्षितिजाचं हे गणित ५ जून १९६७ ला इस्रायलने इजिप्तवरच्या हल्ल्यात जगाला करून दाखवलं. पहाटेची गस्त आटोपून इजिप्तची विमानं तळावर उतरलेली, अधिकारी घरून कार्यालयाकडे निघालेले, नाईलच्या खोऱ्यातलं धुकं नुकतंच विरलेलं. कैरोच्या घड्याळात पावणेनऊ वाजले होते. इस्रायली विमानं भूमध्य समुद्रावरून, रेडिओ पूर्ण बंद ठेवून, पाण्याला जवळजवळ चिकटून आली. जॉर्डनमधल्या अजलूनच्या रडारला हालचाल दिसली होती आणि त्यांनी सांकेतिक इशारा पाठवलाही. पण इजिप्तने सांकेतिक भाषा आदल्याच दिवशी बदललेली, त्यामुळे तो कोणाला वाचता आला नाही. त्यात इजिप्तचे सरसेनापती आमेर त्या वेळी स्वतः विमानात होते. चुकून आपल्याच साहेबांचं विमान पडू नये म्हणून विमानविरोधी तोफांना हात आखडता घ्यायला सांगितलेलं!

त्या दिवशीच्या कामाचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी धावपट्टी फोडायची, म्हणजे उभी विमानं उडू शकत नाहीत. मग परत येऊन ती एकेक करून तोफेने टिपायची. पहिल्या काही तासांत इजिप्तची सुमारे ३०० विमानं जमिनीवरच जळाली. सिनाईतल्या अल अरीशची धावपट्टी मात्र मुद्दाम शाबूत ठेवली, कारण ती पुढे इस्रायलला स्वतःच्या विमानांसाठी हवी होती.

इस्रायलकडे लढाऊ विमानं होती दोनशेच्या घरात आणि घराच्या राखणीला त्यांनी मागे ठेवली फक्त बारा. तरीही इजिप्तला वाटलं, की एवढे हल्ले दोनशे विमानांचं काम नव्हे, अमेरिका आणि ब्रिटन मदतीला आले असणार. खरी गोम होती जमिनीवरच्या फिटर मंडळींत. उतरलेल्या विमानात इंधन भरणं, बॉम्ब लावणं, तपासणी करून पुन्हा सोडणं हे काम त्यांनी दहा मिनिटांच्या आत बसवलं होतं. एक विमान दिवसात चार-चार फेऱ्या करू लागलं, तर दोनशेची आठशे होतात. हवाई दलाची ताकद मोजताना आपण विमानं मोजतो. मोजायला हव्यात त्या दिवसाच्या फेऱ्या.

हाच प्रयोग पाकिस्तानने ३ डिसेंबर १९७१ ला आपल्यावर केला. शुक्रवारची संध्याकाळ, पावणेसहाचा सुमार. अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अवंतीपूर, अंबाला, आग्रा असे अनेक तळ एकामागोमाग लक्ष्य झाले. पहिला घाव त्यांचा, वेळही त्यांनी निवडलेली. पण पदरात फारसं काही पडलं नाही. यातली अर्धी गोष्ट १९६५ ची आहे. त्या वर्षी ६ सप्टेंबरला पठाणकोटवर पाकिस्तानी सेबर विमानं आली, तेव्हा आपली विमानं उघड्यावर उभी होती आणि दहाएक तिथेच गेली. तो धडा हवाई दलाने मनावर घेतला. मधल्या सहा वर्षांत तळोतळी काँक्रीटचे आणि मातीच्या बांधांचे आडोसे उभे राहिले, विमानं एका रांगेत लावायची सवय मोडली, काही मागच्या तळांवर हलवली. त्यामुळे १९७१ ला बॉम्ब पडले ते बहुतेक मोकळ्या जागेत किंवा धावपट्टीवर. धावपट्ट्या रातोरात बुजवल्या आणि आपली विमानं त्याच रात्रीपासून सीमेपार जायला लागली. शिवाय पाकिस्तानने त्या संध्याकाळी विमानंही हातचं राखून पाठवली होती. इस्रायलने बारा मागे ठेवली. इथे नेमकं उलटं.

आता खड्ड्याकडे येऊ, कारण सगळं शेवटी त्याच्यावर येऊन ठेपतं.

विमानतळ बंद पाडायला किती बॉम्ब लागतात? समजा धावपट्टी २७०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे. अडचणीच्या वेळी लढाऊ विमानाला उडायला साधारण १५०० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद अखंड पट्टी चालते. म्हणजे धावपट्टी बरोबर मध्यावर तोडली, तर दोन्हीकडे १३५० मीटर उरतात आणि काम भागतं. रुंदीत दहा-दहा मीटरचे दोन खड्डे नीट अंतर राखून पाडले, तर मधल्या फटी आठ-नऊ मीटरच्या राहतात. हिशोबाने दोन बॉम्ब पुरले! प्रत्यक्षात मार्गदर्शन नसलेला बॉम्ब नेमक्या जागेपासून पन्नास-शंभर मीटर सहज भरकटतो, आणि खालून तोफा सुरू असताना तर विचारूच नका. म्हणून जुन्या काळी एका धावपट्टीमागे डझनांनी बॉम्ब खर्ची पडत. आजच्या मार्गदर्शित बॉम्बने हा हिशोब पुन्हा दोन-चारवर आणला आहे.

दुसरी अडचण कोनाची. तोफा चुकवायला विमान खालून येतं आणि खालून टाकलेला बॉम्ब तिरका, जवळजवळ आडवा आदळतो. काँक्रीटवर तो घसरतो, उसळतो किंवा वरचा पापुद्रा खरवडून फुटतो. फ्रान्सच्या ‘ड्युरँडल’ बॉम्बने यावर तोड काढली. टाकल्यावर आधी पॅराशूट उघडून त्याचा वेग मारतं आणि तोंड खाली वळवतं. मग मागचं रॉकेट पेटून त्याला काँक्रीटमध्ये घुसवतं. स्फोट होतो तो स्लॅबच्या खाली. यात खरं नुकसान दिसणाऱ्या खड्ड्याबाहेर असतं. स्फोटाचा वायू स्लॅबला खालून उचलतो, आजूबाजूचे तुकडे तिरपे होतात, खालची भर पोकळ होते. वरून धड दिसणारी जागा विमानाचं चाक पडल्यावर खचते. नुसता खड्डा भरून भागत नाही. उचललेलं काँक्रीट कापून काढावं लागतं.

१९७१ ला ढाक्याच्या तेजगाव हवाई तळावर हेच कोनाचं प्रकरण निर्णायक ठरलं. पूर्व पाकिस्तानात त्यांची सेबरची एकच स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी होती. ४ आणि ५ डिसेंबरला आपल्या विमानांनी तळावर वारंवार हल्ले केले. पण झाकून ठेवलेली सेबर हाती लागेनात, उलट आपलंच नुकसान होत होतं. मग मिग-२१ विमानांना ५०० किलोचे बॉम्ब देऊन उंचावरून, मोठ्या कोनात सूर मारत धावपट्टीवर सोडलं. बॉम्ब जवळजवळ सरळ खाली उतरले आणि भगदाडं पाडून गेले. ६-७ डिसेंबरपर्यंत धावपट्टी निकामी झाली. उरलेली सेबर धडधाकट उभी राहिली, पण उडायला जागा नव्हती. पुढे ११ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातल्याच टांगाईलला आपल्या सुमारे सातशे छत्रीधारी सैनिकांना मालवाहू विमानांतून उतरवता आलं, ते या खड्ड्यांमुळे. संथ डकोटा आणि पॅकेट विमानं शत्रूचं एक सेबर जरी हवेत असतं, तरी तिकडे पाठवणं शक्य नव्हतं. (मिग-२१ विमानं वर्षानुवर्षं नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बनली. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली.)

खड्डा पाडणं एवढं महत्त्वाचं, तर बुजवणंही तितकंच. इथे आपल्याकडच्या रस्त्याच्या ठेकेदाराला हवाई दलाच्या इंजिनिअरइतकंच कळतं. काळ्या मातीचा स्वभाव खानदेशात कोणाला सांगायला नको. पाणी लागलं की फुगते, वाळली की हातभर भेगा. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून पसरते, आणि तिच्यावर थेट बांधलेला रस्ता पहिल्याच पावसाळ्यात लाटा मारतो. म्हणून आधी काळी माती उकरून काढायची, मुरूम भरायचा, थराथराने पाणी मारून रोलर फिरवायचा, वर खडी. धावपट्टीच्या खड्ड्याचंही तसंच. मोडलेलं काँक्रीट आणि ढिली माती बाहेर काढायची, मोठा दगड, मग लहान खडी, प्रत्येक थर दाबायचा, वर झटपट घट्ट होणारं काँक्रीट किंवा धातूच्या, फायबरच्या चटया अंथरायच्या. फरक इतकाच, की रस्त्यावरचा दोन-तीन सेंटिमीटरचा उंचवटा गाडी सहन करते. ताशी अडीचशे किलोमीटरने धावणाऱ्या विमानाचं पुढचं चाक त्यावर मोडू शकतं. आणि साफसफाई! एक सुटा खडा इंजिनात ओढला गेला तरी पाती खराब होतात. त्यामुळे खड्डा बुजवल्यावर धावपट्टी कसून झाडावीही लागते.

भुजच्या धावपट्टीवर १९७१ च्या डिसेंबरमध्ये बॉम्ब पडले, तेव्हा पुरेसे मजूर नव्हते. माधापर गावच्या सुमारे ३०० बायका पुढे आल्या आणि साधारण ७२ तासांत त्यांनी पट्टी पुन्हा उभी केली. मध्येच भोंगा वाजला की झुडपांत पळायचं, वरून उठून दिसू नये म्हणून कामावर शेणाचा थर द्यायचा. हवाई युद्धाच्या इतिहासात वैमानिकांची नावं येतात, तशी टोपल्या वाहणाऱ्या या बायकांचीही यायला हवीत.

धावपट्ट्यांच्या आधी किंवा जोडीने रडार आंधळं करावं लागतं. रडार म्हणजे रात्री ज्वारीच्या शेतात बॅटरी घेऊन रानडुकरं राखणारा माणूस. त्याला दिसतं खरं, पण तो कुठे उभा आहे हेही साऱ्या शिवाराला दिसतं. रडारने सोडलेल्या लहरींचा माग काढत त्या रडारवरच जाऊन पडणारी क्षेपणास्त्रं याच दोषावर जगतात. रडार सुरू ठेवलं तर मार खायचा, बंद केलं तर आंधळं व्हायचं. ९ जून १९८२ ला लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने आधी बिनवैमानिक विमानं सोडली. सीरियाच्या रडारांनी त्यांना खरी विमानं समजून डोळे उघडले, जागा उघड झाल्या आणि काही तासांत तिथल्या १९ क्षेपणास्त्र तळांपैकी बहुतेक गेले. १७ जानेवारी १९९१ ला पहाटे २ वाजून ३८ मिनिटांनी अमेरिकेच्या हेलिकॉप्टरांनी इराकच्या सीमेवरची दोन रडार ठाणी उडवली आणि तयार झालेल्या वाटेने पुढची विमानं आत गेली.

रडारला न दिसणारी, म्हणजे स्टेल्थ विमानं हा त्याच दिशेचा दुसरा उपाय. त्यामागचं गणित मोठं चिवट आहे. लहर जाताना पसरते, परत येतानाही पसरते. त्यामुळे अंतर दुप्पट झालं की परतीचा संकेत सोळापट क्षीण होतो. उलट बाजूने पाहिलं तर विमानाने परावर्तन सोळापट घटवलं, की रडारचा पल्ला जेमतेम निम्मा होतो. चारशे किलोमीटरवरून दिसणारं विमान चाळीसवर आणायचं असेल, तर परावर्तन दहा हजारपट कमी करावं लागतं. एवढा खटाटोप करूनही विमान अदृश्य होत नाही, उशिरा दिसतं. पण वर पाहिलंच, की तीन मिनिटं आणि अकरा मिनिटं यांत किती अंतर आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर पहिला घाव घातला. रडार आणि तळांवर क्षेपणास्त्रं पडली, विमानांची संख्या कितीतरी जास्त; सगळ्यांना वाटलं, आकाश दोन-चार दिवसांत रशियाचं. तसं झालं नाही. युक्रेनने हल्ल्याच्या थोडं आधी बरीच विमानं आणि क्षेपणास्त्र गाड्या जागा बदलून दुसरीकडे नेल्या होत्या. पुढेही या गाड्या रडार थोडा वेळ लावायच्या, मारा करायच्या आणि जागा सोडायच्या. युक्रेनला आकाश मिळालं नाही, पण रशियालाही मोकळं मिळालं नाही. रशियन विमानं मग आपल्याच हद्दीतून, लांबून हवेत तरंगत जाणारे (ग्लाइड) बॉम्ब सोडू लागली. आणि १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकांच्या छपराखाली दडवलेले ड्रोन रशियाच्या पोटात नेऊन तळावर उभ्या बॉम्बफेकी विमानांवर सोडले. उघड्यावर लावलेली विमानं, जमिनीवरच जळालेली. साल तेवढं बदललं.

त्यामुळे आता विमानं पांगवण्याला पुन्हा महत्त्व आलं आहे. चार मोठ्या तळांऐवजी चाळीस लहान जागा असतील, तर शत्रूला प्रत्येकीसाठी बॉम्ब राखून ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय महामार्गाच्या तीन किलोमीटरच्या पट्ट्यावर हवाई दलाची विमानं उतरली. मे २०२५ मध्ये उत्तर प्रदेशात गंगा एक्सप्रेस-वेच्या साडेतीन किलोमीटरच्या पट्ट्यावर दिवसा आणि रात्रीही सराव झाला. धुळे-जळगावकडचे नवे चौपदरी रस्ते बघून कोणालाही वाटेल, की इथेही सरळ पट्टा सापडेल. सापडेलही. पण दुभाजक काढता येणारा हवा, काँक्रीट जाड हवं, दोन्ही टोकांना विजेच्या तारा आणि झाडं नकोत, बाजूला विमान वळवून उभं करायला जागा हवी. हे सगळं रस्ता बांधतानाच करावं लागतं, नंतर जोडता येत नाही. शिवाय उतरलेल्या विमानासाठी तिथे इंधनाचा टँकर, क्षेपणास्त्रं चढवणारी माणसं आणि ढकलगाड्या, रेडिओची गाडी, पहारा हे सगळं विमानाच्या आधी पोहोचलेलं असावं लागतं. आणि त्या माणसांना ते काम अंधारात, दहा मिनिटांत करायची सवय असावी लागते.